ओटीपी केवळाबाईंकडे आहे

“सर, या गणितात पल्स म्हणजे नाडी का?” असं आठवीच्या एका मुलीनं भर वर्गात विचारलं, तेव्हा हनीफ सरांना पहिल्यांदा जाणवलं की आपली गणितं म्हातारी झाली.

गणित साधं होतं. एसटीडी बूथवरून फोन केला, इतके पल्स पडले, नऊनंतर निम्मा दर, तर बिल किती? सरांनी पल्स समजावण्यासाठी एसटीडी बूथ समजावला. बूथ समजावण्यासाठी काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर, बाहेरची रांग आणि आत ओरडून बोलणारा माणूस समजावला. तेवढ्यात तास संपला. मुलांनी सगळं फार आदरानं ऐकून घेतलं, आजोबांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकतात तसं. मुलं हसली असती तर सरांना चाललं असतं, तीस वर्षांत त्याचा सराव झाला होता. आदर मात्र लागला.

हनीफ सर नांदेडला ‘अचूक गणित क्लासेस’मध्ये शिकवत. मुख्य शाखा लातूरला, संचालक भागवत सरही तिथंच. २०११ साली, लातूर-नांदेडमध्ये गल्लीगल्लीत क्लास निघत होते आणि चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लटकत होते, तेव्हा भागवत सरांना वाटलं की दुसऱ्या कुणाकडे नाही असं आपल्याकडे काहीतरी असावं. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून ‘ऑनलाइन गृहपाठ’ घेतला. मुलानं संगणकावर गणित सोडवायचं, बरोबर आलं तर ‘शाब्बास’ उमटायचं, चुकलं तर ‘पुन्हा प्रयत्न करा’. त्यातली अकराशे चाळीस गणितं हनीफ सरांनी दोन उन्हाळ्यांत, एका बोटानं टाइप केली होती. पुढं बारा वर्षं त्यांना कुणी हात लावला नाही. मुलं मोबाइलवर गृहपाठ करायला लागली तशी तर अपूर्णांकांची आडवी रेघच नाहीशी झाली, आणि एका गणितातल्या रझियानं तीन-चतुर्थांश भाकरीऐवजी चौतीस भाकऱ्या खाल्ल्या.

मे महिन्यात लातूरला बैठक झाली. भागवत सरांनी सांगितलं की कंपनीची नवी आवृत्ती आली आहे, जुन्या ग्राहकांना ती फुकट मिळणार आहे. मुख्य खात्यात जाऊन फक्त संमतीचं बटण दाबायचं आणि जाता जाता गणितंही ताजी करून घ्यायची. एकतीस मेपर्यंत हे झालं नाही तर मात्र जुनी आवृत्ती बंद होईल आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. हे काम कोण करेल, असं त्यांनी विचारलं. पल्सची जखम ताजी होती. हनीफ सरांनी हात वर केला आणि दोन दिवसांचं काम आहे, असं आपणहून सांगितलं.

सगळं पुसलं जाईल हे वाक्य त्यांनी नीट ऐकलं ते परतीच्या एसटीत. गणितांच्या मूळ वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या. त्या कुणी दिल्या हा विषय सर आणि त्यांच्या पत्नी बानो यांच्यात सात वर्षं निघाला नव्हता, आणि संसार सुखाचा राहावा म्हणून पुढंही निघणार नव्हता. म्हणजे दोन उन्हाळे आणि उजव्या हाताचं एक बोट आता फक्त त्या कंपनीच्या खात्यातच शिल्लक होतं.

घरी आल्यावर सरांनी खातं उघडलं. खात्यानं पासवर्ड विचारला. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. ‘पासवर्ड विसरलात?’ या प्रेमळ प्रश्नावर सरांनी बोट ठेवलं, तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं उत्तर आलं. मोबाइलचे शेवटचे दोन आकडे दिसत होते, चार आणि सात. शाखेत कुणाचाही नंबर सत्तेचाळीसवर संपत नव्हता.

शोध घेता घेता कळलं की तो नंबर शारिकचा होता. शारिक तेव्हा क्लासमध्ये कारकून होता, आता रियाधला असतो. सरांनी त्याला फोन लावला. शारिक गहिवरला, सरांच्या तब्येतीची, बानोभाभींच्या गुडघ्यांची, क्लाससमोरच्या चहावाल्याची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाला की ते सिम तर सहा वर्षांपूर्वीच बंद झालं. सरांनी त्याचे आभार मानले. सरांचा तो स्वभावच होता. पुढं आठवडाभर ते कंपनीच्या हेल्पलाइनचेही रोज आभार मानत राहिले, एकदा तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणणाऱ्या ध्वनिमुद्रित बाईंचेसुद्धा.

हेल्पलाइनचं म्हणणं असं की खात्याचे प्रमुख म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीनं लेटरहेडवर अर्ज द्यावा. ती व्यक्ती म्हणजे शारिक. शारिकनं रियाधहून सहीचा अर्ज पाठवला. मग हेल्पलाइनवाले म्हणाले, सिम हरवल्याची पोलिसांत नोंद हवी. पोलिसांनी विचारलं, सिम हरवलं का? नाही. मोबाइल चोरीला गेला का? नाही. मग नोंद कशाची करायची? ठाणे अंमलदार अतिशय समजूतदार होते. त्यांनी सरांना पाणी दिलं आणि काहीतरी हरवलं की या, असं सांगितलं.

याच सुमारास शेजारचे व्यंकटराव या कामात उतरले. व्यंकटराव रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांच्या हाताला लागलेलं हे पहिलं खरं प्रकरण. त्यांनी एक फाइल उघडली, तिला सुतळी बांधली आणि वर ‘विषय : ओटीपी’ असं लिहिलं. प्रत्येक अर्ज तीन प्रतींत झाला. नोटरीकडून शपथपत्र झालं, त्यात ‘मी हनीफ, वय बावन्न, गणिताचा शिक्षक असून ती गणितं मीच रचली आहेत’ असं लिहिलेलं होतं. सरांनी सही केली, पण आपण गणिताचे शिक्षक आहोत हे शपथेवर सांगायची वेळ यावी याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं.

एकवीस तारीख उजाडली. व्यंकटराव पुण्याच्या कंपनीला ‘स्मरणपत्र क्रमांक तीन’ लिहीत बसले होते. बानो चहा घेऊन आल्या, फाइलकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “उस नंबर पे एक बार लगाके तो देखो.”

इतक्या दिवसांत हे दोन्ही पुरुषांना सुचलं नव्हतं. व्यंकटराव म्हणाले की तशी पद्धत नाही, पण हरकतही नाही.

सरांनी शारिककडून पूर्ण नंबर घेतला आणि लावला. बंद पडलेला तो नंबर मोबाइल कंपनीनं केव्हाच दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता, आणि पलीकडून एका वयस्कर बाईचा ठणठणीत आवाज आला. कोण बोलायलंय? सरांनी नाव सांगितलं, नमस्कार केला आणि म्हटलं, मावशी, तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तेवढा मला सांगाल का?

फोन बंद झाला.

त्याचं असं होतं की, हे सरांना पुढं कळलं, त्या बाईंच्या गावात महिन्यापूर्वीच बँकेची माणसं येऊन गेली होती. कुणी ओटीपी मागितला तर फोन बंद करायचा, मागणारा कितीही गोड बोलो. सगळ्या गावात हा धडा एकाच व्यक्तीनं पूर्ण पाठ केला होता, आणि सरांचा फोन नेमका तिलाच लागला होता. सरांनी पुन्हा लावला. मी मास्तर आहे, असं कळवळून सांगितलं. तर बाई म्हणाल्या की मागच्या वेळी एक जण बँकेचा साहेब होता, तू निदान मास्तर तरी झालास. तिसऱ्या वेळी बानोंनी आपल्या मोबाइलवरून लावला. त्यांचा आवाज मऊ, बोलणं अदबीचं. पलीकडून उत्तर आलं, “बाईला बी कामाला लावलंस का?” मग बाईंनी खणखणीत आव्हान दिलं. खरा असशील तर बाजारच्या दिवशी मुखेडला ये, भाजीच्या वळीत केवळाबाई म्हणून विचार, समद्या बाजारासमोर दाखवते तुला. त्यानंतर घरातले दोन्ही मोबाइल तिकडं लागेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांना एका हवालदाराचा फोन आला. तुमच्याविरुद्ध तोंडी तक्रार आहे, ते म्हणाले, एका बाईंना वारंवार फोन करून तुम्ही नंबर मागता म्हणे. सर घाईघाईनं म्हणाले, नंबर नव्हे, ओटीपी. हवालदारांनी वय विचारलं. बावन्न. व्यवसाय? शिक्षक. हवालदारांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि पुन्हा असं करू नका, असं वडीलधाऱ्या आवाजात सांगितलं. त्यांचं वय तिशीच्या आत असावं. सरांनी त्यांचेही आभार मानले, आणि मग बराच वेळ गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले.

टाकीकडे बघता बघता त्यांनी ठरवलं की मुखेडला जायचं. व्यंकटरावही निघाले, कारण फाइल एकटी पाठवायची पद्धत नव्हती.

बाजारच्या दिवशी दोघं एसटीतून उतरले तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं. भाजीच्या ओळीत केवळाबाई लगेच सापडल्या. पासष्टीच्या, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढ्यात ओल्या पोत्यावर आंबट चुक्याच्या जुड्या. शेजारी पती शेषेराव वांगी मांडून बसले होते. ते फार कमी बोलणारे गृहस्थ होते, आणि केवळाबाईंना दोन मिनिटं ऐकलं की त्याचं कारण कळत असे.

सरांनी आपण कोण ते सांगितलं. केवळाबाईंनी आजूबाजूच्या बायकांना हाका मारल्या की या, फोनवाला चोर आपल्या पायानं चालत आलाय. सर्कस आल्यासारखा घोळका जमला. व्यंकटरावांनी सुतळी सोडली आणि एकेक कागद पुढे केला. ओळखपत्र, शारिकचा अर्ज, शपथपत्र, स्मरणपत्रं एक ते तीन. केवळाबाईंनी कागदांकडे पाहिलंही नाही. कागद चोरांजवळच जास्त असतात, असं त्यांचं मत होतं.

“मास्तर हाव ना? गणिताचे? मग सांगा,” त्या म्हणाल्या. “साठ जुड्या चुका आनला. सकाळच्या पारी दहाला दोन, दुपारी दहाला तीन, ऊन उतरल्यावर दहाला पाच. समदा चुका संपला. किती पैसे आले?”

सरांना हायसं वाटलं. हे तर आपलं रान. साठाचे तीन भाग, वीस-वीस. सकाळचे शंभर, संध्याकाळचे चाळीस, पण मधले वीस तीननं भागायला आल्यावर ते जरा अडखळले, आणि पुढं सावकाश म्हणाले, दोनशे सहा पूर्णांक दोन तृतीयांश रुपये.

घोळका हसला. एका म्हातारीनं विचारलं, दोन तृतीयांश कुठल्या दुकानात चालतं?

केवळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नापास मुलाला समजावतात तसं समजावलं. वीस-वीस जातात हे तुम्हाला कुणी सांगितलं? सकाळच्या गिऱ्हाइकाला ताजा माल लागतो, चाळीस तर तेव्हाच उठतात. पंधरा दुपारी जातात. राहिलेल्या पाच सुकत आलेल्या, त्या संध्याकाळी. दोनशे साठ. “आकडा सांगायच्या आधी किती गेल्या ते तं इचारायचं, मास्तर.”

हनीफ सर खजील झाले. तीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते की दिलेली माहिती आधी वाचा, पुरेशी नसेल तर सोडवू नका. भर बाजारात आज तेच चुकले होते. पण खजील होता होता त्यांच्या मनात दुसरंच काही चालू झालं. त्यांनी झोळीतून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि तिथंच उकिडवं बसून गणित उतरवून घेऊ लागले. साठ जुड्या, तीन भाव, विचारा, कोणती माहिती कमी आहे? मान वर न करता त्यांनी विचारलं की पावसाळ्यातही सकाळी चाळीसच जातात का.

केवळाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पोत्यावर पाणी शिंपडत म्हणाल्या, “चोर असता तं वही काढली नसती.” आणि कनवटीचा मोबाइल काढून त्यांनी शेषेरावांच्या हातात दिला, कारण इंग्रजी आकडे त्यांनाच वाचता येत.

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. पण ओटीपी तीन मिनिटांत शिळा होतो. पहिला ओटीपी निघाला तेव्हा बाजारातल्या गर्दीत मोबाइलला रेंज नव्हती, तो येईपर्यंत शिळा झाला. दुसऱ्या वेळी सगळे एसटी स्टँडच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. ओटीपी आला, शेषेराव एकेक आकडा सांगू लागले, पण मागं एक कांदेवाला ‘वीसला किलो, वीसला किलो’ करत होता, आणि सरांनी सहा आकड्यांमध्ये तो वीसही टाकला. तिसरा ओटीपी आला तो स्वच्छ. व्यंकटराव म्हणाले की तोंडी व्यवहारामुळेच गोंधळ होतोय, आधी कागदावर घेऊ. त्यांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, अनुक्रमांक घातला, शेषेरावांकडून आकडे घेतले, ते त्यांना वाचून दाखवले आणि खाली त्यांची सही मागितली. शेषेरावांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, सही केली. सरांनी आकडे भरले. पडद्यावर उमटलं की सुरक्षिततेच्या कारणास्तव हे खातं चोवीस तासांसाठी बंद करण्यात आलं आहे.

एकतीस तारखेला अजून पाच दिवस होते. पण पुढचा बाजार आठवड्यानं, आणि रोज नांदेडहून येणं म्हणजे दिवसभराची एसटी. सर पायरीवर बसले. व्यंकटरावांनी फाइलची सुतळी पुन्हा पुन्हा बांधली. केवळाबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि शेषेरावांना सांगितलं की टोपल्या जीपमध्ये टाका, आज पाव्हणे आपल्याकडं हायेत.

गाव मुखेडपासून आठ-नऊ किलोमीटर. केवळाबाईंनी चुलीवर ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, न खपलेल्या वांग्यांची भाजी केली, शेंगदाण्याची चटणी कुटली. संध्याकाळी सर हातपाय धुऊन आले तेव्हा शेषेरावांनी ओसरीच्या कडेला धुतलेली सतरंजी अंथरली होती आणि काही न विचारता हातानं मावळतीची दिशा दाखवली. सरांनी नमाज पढली. व्यंकटरावांनी बानोंना फोन करून सविस्तर अहवाल दिला. बानो म्हणाल्या की त्या बाईंना माझा सलाम सांगा, आणि घरी आल्यावर त्या फाइलचं काय करायचं ते आपण बघू.

जेवणं होऊन अजून उजेड होता. रिकामा वेळ गणिताच्या मास्तरला सोसत नाही. सरांनी क्लासमध्ये छापील उरलेली थोडीफार जुनी गणितं काढली आणि ताजी करायच्या विचारानं एकेक मोठ्यानं वाचू लागले. पहिलंच होतं, आठ स्त्रिया जे काम सहा दिवसांत करतात तेच काम पाच पुरुष सहा दिवसांत करतात.

“कोनतं काम?” केवळाबाईंनी विचारलं.

सर म्हणाले, तसं काही दिलेलं नाही. केवळाबाईंनी सांगितलं की मग सोडवू नका. खुरपणी असेल तर आठ बायकांच्या कामाला पाच गड्यांना पंधरवडा लागतो आणि अर्धं पीक उपटून निघतं. शेषेरावांनी मान डोलावली. या एका मानेच्या साक्षीवर ते गणित, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच घराण्यातली चौदा गणितं, सरांनी तिथल्या तिथं खोडली.

मग विहिरीवरच्या पंपाचं गणित आलं. पंप टाकी चार तासांत भरतो. शेषेरावांनी दिवसभरात पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. म्हणाले, लाइट कवा येते ते लिवलं न्हाई. सरांनी लिहिलं. लाइट पहाटे दोनला येते, सहाला जाते, मध्ये दोनदा जाते, तर टाकी किती भरेल? शेषेराव म्हणाले की हे बरोबर हाय, आणि पुन्हा गप्प झाले. अशी करत करत साठेक गणितं झाली. कापसाच्या जागी सोयाबीन आलं, रॉकेलचा डबा गेला, एसटीडी बूथ गेला. व्यंकटराव वगळलेल्या गणितांची यादी करत होते आणि मनापासून सुखी होते.

दोनशे चौदावं गणित आलं तेव्हा सरांनी पान उलटलं. केवळाबाईंनी विचारलं, ते का सोडलं? सर म्हणाले, भागवत सरांनी त्यावर काट मारली आहे. जुनं झालंय, मुलं उदास होतात म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे. केवळाबाई म्हणाल्या, वाचा तरी.

सरांनी वाचलं. किल्लारीच्या भूकंपानंतर एका गावात छत्तीस तंबू उभारले. प्रत्येक तंबूत सात माणसं राहिली, तरी नऊ माणसं उरली. तर एकूण माणसं किती?

शेषेराव म्हणाले की त्या पहाटे इथंसुद्धा फळीवरची भांडी वाजली होती. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. उत्तर दोनशे एकसष्ट, असं सरांनी सवयीनं सांगितलं आणि पान पुन्हा उलटलं.

“मास्तर,” केवळाबाई म्हणाल्या, “ती नऊ मानसं कुठं निजली?”

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बारा वर्षं हजारो मुलांनी दोनशे एकसष्ट लिहिलं होतं, आणि त्यांना ‘शाब्बास’ मिळालं होतं.

मग सरांनी सांगितलं. ते गणित रचलेलं नव्हतं. ते बावीस वर्षांचे होते, मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर भाकरी आणि चादरी घेऊन ट्रकनं गेले होते. तिथल्या साहेबांना माणसांचा आकडा हवा होता. सगळे म्हणाले, हनीफला गणित येतं, त्याला मोजू द्या. ते तंबू तंबू फिरले. प्रत्येक तंबूत आधी किती होते आणि आता किती आहेत, हे लोक त्यांना न विचारता सांगायचे, आणि त्यांनी वहीत फक्त दुसरा आकडा लिहिला. संध्याकाळी पाऊस आला. नऊ जण उघड्यावर होते.

“सात जण ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीखाली निजले,” सर म्हणाले. “दोन म्हाताऱ्या पुढं केबिनमध्ये. आम्ही पोरं ट्रकच्या खाली. त्यातली एक म्हातारी रात्रभर खाली वाकून विचारत होती, पोरांनो, भिजलात का म्हणून.”

व्यंकटरावांनी यादीची वही मिटली. केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला, मग सोडला.

“मग ते बी लिवा की,” त्या म्हणाल्या.

सरांनी काट मारलेल्या गणिताखाली लिहिलं. उरलेल्या माणसांसाठी आणखी किती तंबू लागतील? मुलं नऊला सातनं भागतील आणि एक पूर्णांक दोन सप्तमांश लिहितील, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा यंत्रानं ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायला हवं. दोन सप्तमांश तंबूत कुणाला झोपवता येत नाही. उत्तर दोन. दोनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोवीस तास भरले. केवळाबाईंनी कोंबड्यांनासुद्धा अंगणाबाहेर काढलं. शेषेरावांनी आकडे वाचले, सरांनी भरले, व्यंकटरावांनी दोन्ही हात मागे बांधून ठेवले होते. खातं उघडलं. अकराशे चाळीस गणितं जागच्या जागी होती. सरांनी संमतीचं बटण दाबलं, आणि रझियानं उशिरा का होईना, तीन-चतुर्थांश भाकरी खाल्ली. सरांनी केवळाबाईंचे आभार मानायला तोंड उघडलं, पण एवढ्या वर्षांत प्रत्येकासाठी वापरून झिजलेले ते शब्द या वेळी त्यांना अपुरे वाटले. केवळाबाई म्हणाल्या, चहा घ्या.

एक चौकट मात्र पडद्यावर शिल्लक होती. नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलायचा आहे का? व्यंकटराव म्हणाले, ताबडतोब बदला, नियमाप्रमाणे संचालकांचा घाला. सरांचं बोट चौकटीवर थांबलं. त्यांना आठवलं की तीन आठवड्यांत या गणितांची काळजी घेणारं एकच माणूस त्यांना भेटलं होतं, आणि त्या माणसानं ती खुद्द त्यांनाही सहजासहजी दिली नव्हती. त्यांनी केवळाबाईंना विचारलं की हा नंबर असाच राहू दिला तर चालेल का. गणितांत काही बदलायचं झालं की तुमच्याकडे ओटीपी येईल.

केवळाबाईंनी विचार केला. म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. पर मला इचारल्याबगर न्हाई.”

पंधरा जूनला नव्या तुकड्या सुरू झाल्या. नवा गृहपाठ मोबाइलवर नीट दिसत होता, रेघा जागच्या जागी होत्या, आणि ओसरीवर ताजी केलेली गणितं सरांनी केवळाबाईंना विचारून विचारून भरली होती. लातूरच्या शाखेतून चुक्याच्या गणितावर सदतीस मुलांनी एकाच दिवशी तक्रार केली की माहिती अपुरी आहे, आणि त्या दिवशी हनीफ सरांनी दोन वेळा चहा घेतला.

त्यानंतरच्या सोमवारी भागवत सरांचा लातूरहून फोन आला. आवाज चढलेला होता. त्यांनी दोनशे चौदावं गणित काढायला सांगितलं होतं, ते अजून तिथंच होतं, म्हणून ते आज स्वतः काढायला गेले, तर कुठल्या तरी नंबरावर ओटीपी गेला. जुन्या कागदांतून पूर्ण नंबर शोधून त्यांनी तो लावला. पलीकडं कोणी बाई होत्या. त्यांनी आधी नाव विचारलं, मग गाव, मग कोणतं गणित काढायलाव ते विचारलं. भागवत सरांनी सांगितलं, तंबूचं. तर बाई म्हणाल्या की ते निघायचं नाही, दुसरं काही असलं तर सांगा, आणि फोन बंद केला. बारा वर्षांत संचालकांशी कुणी असं बोललं नव्हतं.

हनीफ सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

हा नंबर बदलता येईल की नाही, एवढंच भागवत सरांना जाणून घ्यायचं होतं.

“येईल की, सर,” हनीफ सर म्हणाले. “फक्त त्यासाठी एक ओटीपी लागेल.”